युद्ध लागलं म्हणून बरं झालं

"काकू, डॉक्टर डॅनिकाच्या बायकोचं कळलं का?"

"कोण गं? ते बसस्टँडजवळचे दातांचे डॉक्टर होते, त्यांची?"

"नाही हो. न्यूयॉर्कची. स्टेटन आयलंडवर राहायची."

"मग सांग. इथल्यांचं सगळं ऐकून झालंय."

काकूंचं हे बरं आहे. माणूस पुस्तकातला की मागच्या गल्लीतला, याची त्या चौकशी करत नाहीत. बातमी चांगली असली की झालं. बाजेवर उडदाचे पापड वाळत होते, ते उलटे करता करता त्या कुंपणापर्यंत आल्या.

"नवरा फौजेत डॉक्टर. इटलीजवळच्या पियानोसा बेटावर, विमानदलाच्या तळावर. विमानात बसायची त्याला भयंकर धास्ती. पण अधूनमधून आकाशात गेल्याशिवाय उड्डाणभत्ता मिळत नाही. मग मित्रानं एका वैमानिकाला गळ घातली, की तू यादीत नुसतं याचं नाव घालत जा. नाव विमानात, डॉक्टर जमिनीवर."

"म्हणजे मस्टरवर सही करून घरी. पुढे?"

"एक दिवस तो वैमानिक विमान घेऊन डोंगरावर आदळला. यादीत डॉक्टरचं नाव. खालचा सार्जंट हळहळतोय, 'अरेरे, डॉक्टरपण होते हो त्यात!' आणि डॉक्टर त्याच्या शेजारी उभा राहून म्हणतोय, 'अहो, मी इथं आहे!' कोण ऐकतंय? कागद म्हणतो मेला, म्हणजे मेला. पगार बंद, शिधा बंद."

"बायकोला तार गेली असेल."

"गेली. तिनं हंबरडा फोडला. मग नवऱ्याचंच पत्र आलं, मी जिवंत आहे म्हणून. तिनं आनंदानं युद्धखात्याला कळवलं. खात्याचं उत्तर, बाई, तुमचा नवरा गेलेला आहे, कुणीतरी त्याची खोटी सही करून तुम्हाला छळतंय. आणि मागोमाग पैसे यायला लागले. विम्याचे, पेन्शनचे, मुलांचे, अंत्यविधीचेसुद्धा. मैत्रिणींचे नवरे सारखे विचारपूस करायला लागले. बाईनं केस रंगवून घेतले."

"कुठल्या रंगात?"

"ते नाही लिहिलेलं."

"पुरुषानं लिहिलं असणार." काकूंनी एक पापड उन्हाकडे धरून पाहिला. "मग?"

"मग नवऱ्याचं आणखी एक काकुळतीचं पत्र आलं. बाई जरा डळमळली. तेवढ्यात कर्नलकडून छापील सांत्वनपत्र. एकच मजकूर सगळ्यांना. श्रीमती, श्रीयुत, कुमारी, काय असेल ते. तुमचा नवरा, मुलगा, वडील, भाऊ, जो असेल तो. मेला, जखमी, बेपत्ता, जे झालं असेल ते. मला अतोनात दुःख झालंय. तेवढ्यावर तिनं मुलांना घेतलं आणि मिशिगनमध्ये लॅन्सिंगला बिऱ्हाड हलवलं. पत्ता मागे ठेवला नाही."

काकू हसल्या नाहीत, पण पदर तोंडाशी नेला. "बाई वाईट नाही गं. सरकारचं ऐकलं तिनं. आपण नाही का, आधारवर जन्मतारीख चुकली तर ती खरी धरून चालतो?"

आता काकूंना अर्धीच बातमी दिली तर रात्री फोन येतो, म्हणून त्या डॉक्टरचं आधीचंही सांगून टाकलं. युद्धाआधी त्याचा दवाखाना अजिबात चालत नव्हता. देणी तुंबलेली, पेशंट नाही. आणि अगदी नाकातोंडात पाणी जायच्या वेळी, तो स्वतः सांगतो, नशिबानं युद्ध लागलं! आजूबाजूचे डॉक्टर फौजेत गेले, गर्दी याच्याकडे वळली, औषधांची दुकानं गिऱ्हाइकामागे याचा वाटा पोचवायला लागली.

"कट प्रॅक्टिस," काकू म्हणाल्या. शब्द शोधावा लागला नाही त्यांना.

"तीच. सुखात चाललेलं असताना भरतीचा कागद आला. यानं फॉर्मात ठोकून दिलं, माझा एक पाय कापलेला आहे आणि संधिवातानं मी अंथरुणाला खिळलोय. तर त्यांनी माणूसच पाठवला घरी बघायला. म्हणजे बघा काकू, युद्ध त्याला हवं होतं. दुसऱ्यांनी जाण्यापुरतं."

हे सगळं जोसेफ हेलरच्या 'कॅच-२२' मधलं. पुस्तक १९६१ चं. हेलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात बी-२५ विमानातून बॉम्ब टाकायला जायचा, कोर्सिका बेटावरून, आणि तशा साठ फेऱ्या करून जिवंत परत आला. मी हे काकूंना मुद्दाम सांगितलं, कारण त्यांचं माहेर साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या बाजूचं. त्या गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, घरटी एकतरी फौजेत. लढाईवर विनोद म्हटला की काकू आधी विचारतात, लिहिणारा कुठे होता? साठ फेऱ्या ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. परवानगी मिळाली.

"तळावर जेवायला काय असायचं?"

हा प्रश्न येणारच होता. चाळीस पानांची पापड-लोणच्यांची ऑर्डरवही ज्यांच्या घरात आहे, त्यांना लढाईतलं पहिलं तेच सुचणार. आणि 'कॅच-२२' चा खरा नायक, माझ्या मते, भटारखान्यातच बसलेला आहे. मायलो माइंडरबाइंडर, मेस ऑफिसर. हे आडनाव काकूंनी दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. "मायलोच म्हण."

"मायलो माल्टाहून अंडी आणतो. सात सेंटला एक. आणि इथल्या मेसला विकतो पाच सेंटला. आणि नफा कमावतो. सांगा कसा?"

पुस्तकात योसॅरियन नावाच्या हुशार अधिकाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं. काकूंना चार पापड उलटे करण्याइतका वेळ लागला.

"माल्टात विकणारा त्याचाच असणार."

"तोच! स्वतःच विकतो, स्वतःच घेतो."

"आणि मूळ अंडं कुठलं?"

"सिसिलीचं. एक सेंटला."

"मग एकाला घेतलं, पाचला विकलं. मधले सात नुसते दाखवायला. त्यात काय एवढं?" काकूंनी आवाज थोडा खाली आणला. "कंट्रोलच्या काळात आमच्या गावात एक साखरेवाला होता, आई सांगायची. त्याची साखर सरकारी दुकानातनं निघायची, सांगलीला जाऊन आल्यासारखी व्हायची आणि मागच्या दारानं गावातच परत. प्रवास फक्त पावतीवर."

युद्धाच्या वर्षांतल्या त्या काळ्याबाजाराच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर आहेत, पण त्या कुजबुजत सांगायच्या. मायलोची गंमत अशी, की त्याच्यात कुजबुज नाहीच. तो लबाडी म्हणून काही करत नाही. दारू नाही, बाई नाही, खोटं बोलत नाही. प्रत्येक वेळी तो मनापासून सांगतो, नफा माझा नाही हो, सिंडिकेटचा आहे, आणि सिंडिकेटमध्ये प्रत्येकाचा वाटा आहे. कंपनीचं नाव एम अँड एम एंटरप्रायझेस. दोन्ही एम त्याचेच. मधला 'अँड' एवढ्यासाठी, की कुणाला ही एकट्याची मिरास वाटू नये.

"वाटा कुणाला मिळाला मग?"

"ताजी अंडी मिळाली. मटण मिळालं. आइस्क्रीम सोडा मिळाला. वाट्याचा पैसा मात्र कुणी पाहिला नाही. आणि सोड्याला गॅस लागतो ना, तो त्यानं कुठून आणला? समुद्रात पडलात तर फुगवायची जी जाकिटं असतात, त्यातल्या नळकांड्या काढून. विमानात कुणी जखमी झालं की प्रथमोपचाराची पेटी उघडायची, आत वेदनाशामक मॉर्फिनच्या जागी मायलोची चिठ्ठी. कंपनीचं भलं ते देशाचं भलं, अशा अर्थाची."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"सोडा प्यायलेला होता ना सगळ्यांनी."

इथे काकू पहिल्यांदा खळखळून हसल्या, आणि मला बरं वाटलं, कारण पुढचं सांगायचं म्हणजे त्यांच्या माहेरच्या अंगानं जरा अवघड होतं. ऑर्व्हिएटोचा पूल. पूल जर्मनांच्या ताब्यात. मायलोनं अमेरिकनांशी करार केला, पूल बॉम्बनं उडवून देतो, खर्च अधिक सहा टक्के. मग जर्मनांशी करार केला, पुलाचं रक्षण करतो, खर्च अधिक सहा टक्के. विमानं अमेरिकनांची आधीच होती, तोफा जर्मनांच्या आधीच होत्या. मायलोनं फक्त दोघांना एकमेकांची वेळ कळवली.

"दलाली," काकू म्हणाल्या.

"त्या दिवशी एक नवा मुलगा आला होता तळावर. मड नावाचा. योसॅरियनच्या तंबूत सामान टाकलं, हजेरी लागायच्या आधीच त्याला त्या पुलावर पाठवलं, आणि तो तिथेच गेला. आता कागदावर तो आलेलाच नाही, मग मेला कसा म्हणायचा? त्याचं सामान खाटेवर तसंच पडून. कुणाला उचलायचा अधिकार नाही. तिकडे जिवंत डॉक्टर कागदावर मेलेला, इकडे मेलेला मुलगा कागदावर न आलेला. आणि मायलोला कुणी बोललं, तर त्याला खरंच वाईट वाटतं. मी मारलं नाही, मी तर त्या दिवशी तिथे नव्हतोसुद्धा!"

"मग होता कुठं?"

"करारावर सह्या घेत असेल."

काकूंनी बाजेवरचा एक पापड उचलला, मोडला, अर्धा मला दिला. ओला होता अजून. तो खाताना मी पुढचं सांगून टाकलं. मायलोनं इजिप्तचा सगळा कापूस घेऊन ठेवला आणि गिऱ्हाईक मिळेना. चॉकलेटमध्ये घोळवून माणसांना खायला घालून पाहिला. योसॅरियननं थुंकला. कंपनी बुडायला आली. तेव्हा जर्मनांकडून एक काम आलं, ते यानं घेतलं, खर्च अधिक सहा टक्के. काम काय, तर स्वतःच्याच तळावर बॉम्ब टाकायचे. टाकले. फक्त धावपट्टी आणि भटारखाना सोडला. विमानं परत उतरायला पाहिजेत, आणि दमून आलेल्या वैमानिकांना झोपायच्या आधी काही गरम खायला पाहिजे.

"थांब." काकूंचा हात पापडावर थांबला. "आपल्याच माणसांवर?"

"आपल्याच."

"मग लटकवला का नाही त्याला?"

"ओरड झाली. वर्तमानपत्रं पेटली. मग मायलोनं हिशेबाच्या वह्या उघडून दाखवल्या. नफा एवढा अफाट, की ओरड बंद झाली. सरकारला नुकसान भरून देता आलं असतं, पण तो म्हणाला, लोकशाहीत सरकार म्हणजे आपणच, मग मधला माणूस कशाला? पैसे आपल्याकडेच ठेवू. वाटा तर सगळ्यांचा आहेच."

काकू बराच वेळ पापडच फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "माणगावच्या कचेरीपाशी पुतळा आहे, बघितलायस? यशवंत घाडगे. पळसगावचा पोरगा. आम्ही लग्नाला गेलो होतो तिकडे, तेव्हा ह्यांनी मुद्दाम गाडी थांबवून दाखवला."

बघितलाय. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा. १० जुलै १९४४, इटलीतच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. बरोबरचे सगळे पडले, तेव्हा हा एकटा मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेला. बॉम्ब टाकला, गोळ्या झाडल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून दस्त्यानं हाणलं. मोर्चा घेतला आणि लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय बावीस. त्याच उन्हाळ्यात, त्याच इटलीच्या आकाशात हेलर बॉम्ब टाकत फिरत होता.

"मग हसायचं कसं गं ह्याला?"

"घाडग्यांना कुठं हसतोय काकू? पुस्तकात पदकाचं काय होतं ते ऐका. मायलोला एकदा वाटतं, आपणही लढायला जावं. मनापासून वाटतं. कर्नल कॅथकार्ट घाबरतो, हा गेला तर धंदा कोण बघणार? मग तोडगा निघतो. मायलोच्या वाटच्या फेऱ्या बाकीची पोरं करतील. आणि त्यांत कुणाला पदक मिळालंच, तर ते मायलोच्या छातीवर. घरी सुटका व्हायला जितक्या फेऱ्या कराव्या लागतात, ती अट त्या नादात ऐंशीवर जाते."

"आणि मेला कुणी, तर?"

"ते ज्याचं त्याचं."

"असं आहे होय," काकू म्हणाल्या, आणि त्या हसल्या. पण हे हसू मघाच्या सोड्याच्या हसण्यापेक्षा वेगळं होतं. भावकीत कुणी जमीन लाटल्याचं ऐकल्यावर येतं तसं.

ही माझ्या आवडीची जागा आहे. मायलोवर राग येत नाही, ही या पुस्तकाची सगळ्यात दुष्ट गोष्ट. दुष्ट माणूस असता तर एका गोळीत प्रकरण मिटलं असतं. पण हा उद्योगी, निर्व्यसनी, वक्तशीर पोरगा आहे. जर्मन लोक बिलं वेळेवर देतात, याचं त्याला कौतुक वाटतं. अशा मुलाला आपण जावई करून घेऊ. हेलरनं त्याला खोटेपणा करायला लावला नाही, फक्त त्याचा हिशेब शेवटच्या ओळीपर्यंत जाऊ दिला.

"बाई नाही का कुणी ह्या धंद्यात?" काकूंनी विचारलं. "सगळे बाप्येच?"

"आहे ना. पण ती नाटकातली. तुम्ही 'तीन पैशाचा तमाशा' बघितलेलात ना?"

"पुलंचा? बघितला की. मुंबईला भावाकडे असताना."

"त्याचं मूळ नाटक ज्याचं, त्या ब्रेख्तचंच. 'मदर करेज'. १९३९ साली, देश सोडून स्वीडनमध्ये राहत होता तेव्हा लिहिलं. युरोपात सतराव्या शतकात तीस वर्षं लढाई चालली होती, तिच्या मागं मागं ही बाई गाडा ओढत हिंडते. पट्टे, बुटं, ब्रँडी, सैनिकाला लागेल ते. तीन पोरं, तिघांचे बाप वेगवेगळे."

"गाड्यावर माल किती?" हे काकूंचं.

"लढाई असली तर भरपूर. एकदा तिनं नवा माल भरला आणि तह झाला. बाई डोक्याला हात लावून बसली."

"भाव पडला ना."

"भाव पडला. थोरला मुलगा तिच्या हातचा कसा गेला माहितीये? भरती करणारा त्याला बोलण्यात गुंतवत होता, आणि ही पलीकडे एका सैनिकाला पट्ट्याचं बक्कल विकत होती. पैसे मोजून वळली तर पोरगा नाही. त्यानं लढाईत शेतकऱ्यांना मारून बैल पळवले, तर सेनापतीनं जेवायला शेजारी बसवलं. पुढं मधेच थोडे दिवस तह होता, त्यात त्यानं तेच केलं. तर मारला."

"बैल तेच?"

"काम तेच. तारीख चुकली."

"आणि मधला?"

मधल्याचं सांगायला जिवावर येतं. त्याला पकडलेलं, सोडवायला दोनशे गिल्डर लाच मागितलेली. बाईजवळ गाडा विकून तेवढे येतील. पण गाडा गेला तर ती आणि मुकी मुलगी खाणार काय? म्हणून ती भाव पाडत राहते. थोडे कमी करा, अजून थोडे. पैसे घेऊन माणूस जातो, येतो. आणि मग नगारे वाजतात, मुलाला गोळी घातल्याचे.

"घासाघीस करत बसली?" काकूंचा आवाज चढला. "पोरगं आत आणि ही दर पाडतीय?"

"सवय काकू."

"कसली डोंबलाची सवय! मीपण पापडाला रुपया सोडत नाही, म्हणून काय..." आणि त्या मधेच थांबल्या, कारण बोळातून भाजीवाला आला होता, आणि गवारीच्या भावावरून त्यांनी त्याला पाच रुपये खाली आणलं. परत आल्या तेव्हा गवार पदरात होती आणि विषय सोडलेला नव्हता. "तर त्या बाईला अक्कल आली का शेवटी?"

"नाही आली. मुकी मुलगी गावाला जागं करायला छपरावर चढून ढोल बडवते, सैनिक तिला गोळी घालतात. आई त्या वेळी शहरात. लोक घाबरून पळतायत, माल स्वस्तात मिळेल म्हणून. परत येते, पोरीच्या मातीचे पैसे देते, आणि स्वतःला गाड्याला जुंपून फौजेच्या मागे निघते."

१९४१ साली झुरिकला हे पहिल्यांदा झालं, तेव्हा लोक त्या आईसाठी रडले. ब्रेख्त वैतागला. त्याला रडणारे नको होते, हिशेब तपासणारे हवे होते, म्हणून त्यानं तिला आणखी कोरडी, आणखी व्यापारी करून ठेवली. तरी लोक रडतातच. मला यात ब्रेख्तपेक्षा लोकांचं पटतं, पण काकूंसारखी बाई समोर असली तर त्याचाही मुद्दा कळतो. त्या रडल्या नाहीत, भांडल्या.

"त्यापेक्षा मघाचा तो अंडीवाला बरा," त्या गवार निवडायला घेत म्हणाल्या. "निदान त्याची पोरं तरी नव्हती त्यात."

"दुसऱ्यांची होती."

"ते आहेच. तुझ्याकडे ह्या धंद्यातला एकतरी बरा माणूस आहे का?"

एक आहे. प्रागचा श्वेक. यारोस्लाव हाशेकनं १९२१ पासून लिहायला घेतला आणि १९२३ च्या जानेवारीत तो वारला, तेव्हा पुस्तक अर्धवट. श्वेकचा धंदा कुत्र्यांचा. गल्लीतलं मिश्र जातीचं कुत्रं धुऊनपुसून, खोटी वंशावळ जोडून खानदानी म्हणून विकायचं. हाशेक स्वतःही त्या धंद्यात होता, आणि प्राण्यांच्या एका मासिकाचा संपादक असताना त्यानं जगात नसलेले प्राणी छापले म्हणून त्याची नोकरी गेली.

"हा आपल्यातला," काकू म्हणाल्या.

"ह्याला अडकवायला एक गुप्त पोलीस येतो. कुत्रं घ्यायच्या निमित्तानं. श्वेक त्याला एकामागून एक कुत्री गळ्यात मारतो, भेसूर, भुकेली. पोलिसाला राजद्रोहाचा एक शब्द मिळत नाही. शेवटी ती कुत्रीच त्याला खातात. मग श्वेक आपल्या लेफ्टनंटसाठी एक झकास कुत्रं चोरून आणतो, ते निघतं नेमकं कर्नलचं. दोघांची रवानगी सरळ आघाडीवर."

"बघ. कापसावर तळ उडवला तो सुटला, आणि एका कुत्र्यापायी हा लढाईवर."

हे वाक्य मी लिहून घ्यायला पाहिजे होतं. मायलो संधी मोठी घेतो, म्हणून त्याला पालेर्मोचं महापौरपद मिळतं, बगदादची खिलाफत मिळते. श्वेक छोटी घेतो, म्हणून त्याला बंदूक मिळते.

गवार संपत आली तेव्हा काकूंनी विचारलंच. "त्या मायलोचं पुढं काय झालं?"

"योसॅरियन रोममध्ये एका हरवलेल्या लहान मुलीला शोधत असतो. मायलो म्हणतो, मी मदत करतो. निघतोही. वाटेत कुणीतरी म्हणतं, चोरट्या तंबाखूत हल्ली फार पैसा आहे. झालं, गेला."

"ती पोरगी सापडली का?"

"त्याला नाही सापडली. पण हेलरनं १९९४ साली दुसरा भाग लिहिला, 'क्लोजिंग टाइम'. त्यात मायलो म्हातारा आणि गब्बर. सरकारला बॉम्बफेकी विमान विकायला बसलाय. कसं, तर दिसतही नाही आणि आवाजही येत नाही."

"दिसत नाही?"

"अजिबात नाही."

"आवाज नाही?"

"नाही."

काकूंनी गवारीच्या शिरा गोळा करून कुंपणाशी टाकल्या. "मग ते केलंय हे कशावरून?"

"तोच तर धंदा आहे, काकू."

"मेला हुशार आहे गं," त्या म्हणाल्या, आणि पापड गोळा करायला वळल्या. "खर्च अधिक सहा टक्केच ना अजून?"